माझ्या हाताचे टक्के

माझा उजवा हात गेला हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

मी फिजिओथेरपिस्ट. बहारीनमधल्या झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या पाठी, खांदे, गुडघे बघायचे. त्या दुपारी ड्यूटी संपवून स्टाफच्या व्हॅनमधून जनाबियाला घरी निघाले होते. सिग्नल हिरवा झाला, आमची व्हॅन निघाली आणि आडव्या रस्त्यावरून आलेला पिकअप थांबलाच नाही. आमच्या ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. मी खिडकीशी बसले होते.

कॅज्युअल्टीत शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर अजून मानेचे एक्स-रे बघत होते. मी हात उचलायला गेले आणि काहीच झालं नाही. डाव्या हाताने उजव्याला चाचपून पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा तरी हात माझ्या अंगावर ठेवून कोणी निघून गेलंय, असं वाटलं. असे हात मी पाहिलेले होते. मोटरसायकलवरून पडलेले तरुण ते हात झोळीत घालून माझ्याकडे यायचे. मी त्यांना सांगायचे, "होईल हळूहळू. सराव सोडू नका." आणि दाराबाहेर त्यांच्या बायकोला वेगळं सांगायचे.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात. काही बहुतेक तुटल्यात. बघू या. होईल हळूहळू."

मग माझा नवरा नितीन याला ते दाराबाहेर घेऊन गेले.

*

वॉर्डात पहिले काही दिवस मला दुखण्यापेक्षा लाजेनेच जास्त मारलं. सलवारीची नाडी एका हाताने सुटते, बांधली जात नाही. केस विंचरता येतात, बांधता येत नाहीत. दुखणं नंतर आलं. ज्या हाताला स्पर्श कळत नव्हता, तो आतून जळायला लागला. कोणी बोटं उकळत्या तेलात धरून ठेवल्यासारखा. आणि ते आलं ते कायमचंच आलं.

जेसी नावाची केरळची नर्स होती. चादरी बदलून झाल्या की ती माझी वेणी घालायची. तिच्या कामात ते बसत नव्हतं. "मॅडम, बाल खुले तो पेशंट ज्यादा रोता है," म्हणायची. शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेल्या एक म्हाताऱ्या बहारिनी बाई होत्या. घरून खजूर आले की बी काढून माझ्या तोंडाशी धरायच्या आणि लवकर खा म्हणून दटावायच्या, "यल्ला, यल्ला!" माझी मुलगी ईरा शाळा सुटली की यायची. पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. चमचा धरून "आई, ओपन," म्हणायची. एकदा चादर नीट करताना तिने माझा हात उचलला आणि दचकून सोडून दिला.

"इट्स सो हेवी," ती म्हणाली. नंतर बराच वेळ स्वतःचे तळवे कपड्याला पुसत राहिली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

*

पिकअप ज्या कंपनीचा होता, तिच्या इन्शुरन्सकडून एक गृहस्थ आले. गोड बोलणारे. आंब्याच्या ज्यूसचे डबे आणि एक कागद घेऊन आले होते. केस कोर्टात गेली तर वर्षं जातील, इथे सही केलीत तर चेक लगेच, असं म्हणाले. रक्कम माझ्या काही महिन्यांच्या पगाराएवढी होती. कागदावर बारीक अक्षरात होतं, की यापुढे माझी कसलीही तक्रार राहणार नाही.

नितीन गोंधळला होता. तो इंजिनिअर आहे. समोर आकडा दिसला की त्याला बरं वाटतं. त्याने पेन माझ्याकडे केलं आणि मग दोघांच्याही लक्षात आलं, की सही करायला माझ्याकडे हात नाही.

"अंगठा चलेगा," गृहस्थ म्हणाले आणि खिशातून शाईचं पॅड काढलं. तयारीने आले होते.

जेसी औषधांची गाडी घेऊन तिथेच होती. "पेशंटला आत्ताच मॉर्फिन दिलंय," ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "आणि भेटायची वेळ संपली." वेळ संपलेली नव्हती. तिने त्यांना दारापर्यंत पोचवलं. ज्यूसचे डबे मात्र ठेवून घेतले आणि वॉर्डात वाटून टाकले.

*

दुसऱ्या दिवशी परकार आले. रत्नागिरीकडचे, पन्नाशीतले, इथे हूऱ्यातल्या एका वकिलाच्या ऑफिसात काम करणारे. कोर्टात उभा राहणारा वकील बहारिनी. त्याच्यासाठी वॉर्डावॉर्डात फिरून पेशंट गाठायचं काम परकारांचं. नितीनच्या ऑफिसातल्या कोणी तरी नंबर दिला होता.

"ताई, खरा सांगू?" स्टूल ओढून ते म्हणाले. "वसूल होईल त्यातले पंचवीस टक्के आमचे. हरलो तर फी माफ."

"आणि खर्च?"

"खर्च वेगळा. भाषांतर, डॉक्टरांचे रिपोर्ट, कोर्टाची फी."

"तुमचे पंचवीस टक्के खर्च वजा करून की न करता?"

ते हसले. "हे विचारणारे थोडेच. न करता."

"कमी नाही करणार?"

"तासावर पैसे घेणारे वकीलपण आहेत. त्यांना आधी मोजावे लागतात. आहेत का?"

नव्हते. रिसॉर्टने मला कळवलं होतं की दुसरी फिजिओ नेमलीय. व्हिसा नितीनच्या नावावर आणायचं चाललं होतं.

"आम्ही धा केशी घेतो," परकार म्हणाले. "तीन-चार बुडतात. त्यात एक रुपया येत नाही, चपला मात्र झिजतात. ते कुठून तरी भरून काढायला नको?"

"म्हणजे त्यांचे बुडालेले पैसे माझ्या हातातून कापणार."

"हां," ते म्हणाले. "तसंच."

खोटं बोलले नाहीत म्हणून मला ते बरे वाटले. मग त्यांनी दुसऱ्या टक्क्यांबद्दल सांगितलं. सरकारी डॉक्टरांची कमिटी हात तपासेल आणि अपंगत्व किती टक्के ते लिहील. त्यावर कोर्ट रक्कम ठरवेल.

"म्हणजे हात जितका मेलेला, तितका तुमचा वाटा मोठा," मी म्हणाले.

"तुमचापण, ताई," ते म्हणाले.

वकीलपत्रावर मी डाव्या हाताचा अंगठा उमटवला. शाईचं पॅड यांच्याकडेही होतं.

*

घरी आल्यावर नितीनने जे केलं ते लिहिलं नाही तर अन्याय होईल. तो मला आंघोळ घालायचा, हूक लावायचा, नखं कापायचा. पहिल्या काही आठवड्यांत हळुवारपणे. पुढे लवकर. त्यानंतर पाणी ओतताना तो घड्याळाकडे बघायला लागला. मी रोज दुखतंय म्हणायचे आणि तो रोज "हो" म्हणायचा. एक दिवस त्याने "हो" म्हणणंही सोडलं. तो बाल्कनीत जाऊन भारतात फोन करायचा. मी आले की "बरं, ठेवतो" म्हणून बंद करायचा. मला वाटायचं, माझ्याबद्दल रडत असेल.

दुखण्याच्या गोळ्यांनी मी दिवसा पेंगायचे. जागी असले की चिडायचे. ईराने दप्तर घेऊन शेजारच्या मैत्रिणीकडे अभ्यासाला जायला सुरुवात केली. मी तिला "जाऊ नकोस" म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "आई, यू स्मेल लाइक हॉस्पिटल." ती तेव्हा लहान होती, असं मी म्हणणार नाही. तिला कळत होतं.

*

आणि मग दंडात काहीतरी हललं.

शुक्रवारची दुपार होती. ईरा त्या दिवशी घरीच, माझ्या पायाशी लोळून गणितं करत होती. मी रोजच्यासारखी मनातल्या मनात कोपर वाकवत होते. हे मी कित्येक पेशंटना करायला लावलेलं आहे. हात हलत नसला तरी हलवायचं ठरवायचं. दंडाच्या कातडीखाली उंदराचं पिल्लू कूस बदलेल एवढं काहीतरी झालं. मला ते जाणवलं नाही. ईराने पाहिलं.

"आई! इट मूव्ह्ड! डू इट अगेन!"

मी केलं. पुन्हा झालं. ती ओरडली, माझ्या गळ्यात पडली, तो जड हात दोन्ही हातांनी उचलून तिने गालाला लावला. त्यानंतर आम्ही दोघी किती तरी वेळ त्या दंडाकडे टक लावून बसलो होतो. आजारपणात माझ्या वाट्याला आलेलं एवढंच निखळ सुख, आणि ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

नितीन बाजारातून आला. ईराने दारातच सांगितलं. तो खुर्चीत बसून बूट काढत होता. एक बूट काढून झाल्यावर त्याने विचारलं, "कमिटी बुधवारी आहे ना?"

"हो."

"हं," तो म्हणाला आणि दुसरा बूट काढला.

त्याने परकारांना फोन लावला, स्पीकरवर.

"अभिनंदन, ताई," परकार म्हणाले. "अल्लाची मेहेरबानी." मग थोडं थांबून म्हणाले, "पण आधी कमिटी होऊन जाऊ दे. मग बऱ्या व्हा."

फोन ठेवल्यावर मी नितीनला म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही."

"खोटं बोल कोण म्हणतंय? फक्त हलवू नकोस."

"मी जन्मभर लोकांना हलवा म्हणत आलेय."

"मग काय करशील? तुझी नोकरी गेली ती खरी ना? दुखतंय ते खरं ना? एवढंसं हललं म्हणून तू कामावर जाणार आहेस? ईराच्या कॉलेजचं काय?" त्याचा आवाज चढला. "एका हाताने काय करणार आहेस तू?"

त्याचं बोलणं पूर्ण चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. दंड हलल्याने माझी नोकरी परत येणार नव्हती. पण मी जागची हलले तर घराचं नुकसान होईल, अशी मी त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत दिसायला लागले.

*

बुधवारी कमिटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी ओढणीखाली हात घेऊन बसले होते. मी ठरवलं होतं, विचारतील तेव्हा जेवढं होतं तेवढं दाखवायचं. पण भीती होती, की आयत्या वेळी झालं नाही तर? म्हणून करून पाहिलं. झालं. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा. नव्याने जागा झालेला स्नायू लगेच थकतो, त्याला दोनदा वापरून विश्रांती द्यायची, हे मी स्वतः शिकवलंय. पेशंटने असं केलं असतं तर ओरडले असते.

आत तीन डॉक्टर होते. मधल्याने माझा हात टेबलावर ठेवून सांगितलं, "कोपर वाकवा."

मी वाकवलं. काही झालं नाही. त्यांनी दंडावर बोटं ठेवली. "पुन्हा." मी दात आवळले, घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या बोटांखाली मांसाचा गोळा नुसता पडून होता.

"बाहेर हलत होता," मी म्हणाले. "मी फिजिओ आहे. मला कळतं. आत्ता थकलाय."

मधल्या डॉक्टरांनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं. अशा नजरेने मीही पेशंटकडे पाहिलंय. "इंशाल्ला, मॅडम," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

बाहेर नितीन उभा होता. "काय झालं?"

"नाही हलला."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने लगेच मान खाली घातली, पण मला दिसायचं ते दिसलं होतं. येताना त्याने गाडी हूऱ्याकडे वळवली, ईराला बोलावून घेतलं आणि माझ्या आवडीच्या हॉटेलात मटण बिर्याणी मागवली. काही महिन्यांत प्रथमच त्याने ऑफिसातला विनोद सांगितला, स्वतःच हसला. ईराने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं. तिने ताट बाजूला सरकवलं.

*

निकाल लागायला वर्षाहून जास्त गेलं. आम्ही मागितलं होतं त्यापेक्षा कमी आणि इन्शुरन्सवाल्यांनी वॉर्डात देऊ केलं होतं त्याच्या कित्येक पट मिळालं. पैसे वकिलाच्या खात्यात आले. हिशेब करायला आम्हाला हूऱ्यातल्या ऑफिसात बोलावलं. परकार होतेच. माझ्या हाताची केस लढणाऱ्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वयस्क, शांत, थोडं हिंदी बोलणारा.

फी आणि खर्च मिळून जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता. ठरल्याप्रमाणेच. नितीनने तो कागद दोनदा वाचला आणि टेबलावर आपटला.

"वन-थर्ड? कशाबद्दल? चार तारखांना उभं राहण्याबद्दल? ॲक्सिडेंट हिचा, हात हिचा!"

वकिलांनी त्याला बोलू दिलं. मग मला म्हणाले, "वो पहला काग़ज़ याद है, मॅडम? ज्यूस वाला?"

"याद है."

"उस में और इस में जो फर्क है, वो मेरा काम है."

ते खरं होतं. मी हिंदीत विचारलं, "माझा हात थोडा हलला असता, तर तुमचं काम कमी झालं असतं का?"

"काम उतना ही," ते म्हणाले. "पैसा कम."

हेही खरं होतं. मी काही बोलणार इतक्यात नितीन उठून उभा राहिला. "तुम्हाला कळत नाही! मला महिनाअखेर बिल्डरला पैसे द्यायचेत!"

मी त्याच्याकडे वळले.

"कुठला बिल्डर?" मी विचारलं.

पुण्यात फ्लॅट होता. तो आणि त्याचा भाऊ, दोघांच्या नावावर. बुक केला तेव्हा मी वॉर्डात होते. "भाव वाढणार होते," नितीन खाली बघत म्हणाला. साधारण किती मिळतील ते त्याने परकारांना त्याच आठवड्यात विचारलं होतं. मी परकारांकडे पाहिलं.

"विचारला, म्हणून सांगितला, ताई," ते म्हणाले. "मला वाटला, तुमच्यासाठीच घेतायत."

बाल्कनीतले फोन मला तेव्हा कळले. बूट काढतानाचं "हं" कळलं, बिर्याणी कळली. माझ्या हातातला वाटा घेणारे त्या खोलीत दोघं होते. एकाने पहिल्याच भेटीत स्टूलवर बसून तोंडावर आकडा सांगितला होता. मी वकिलांच्या हिशेबावर डावा अंगठा उमटवला.

गाडीत नितीन म्हणाला, "विसरू नकोस, तुझा व्हिसा आता माझ्यावर आहे."

*

आता मला फोन येतात. कोणाचा नवरा परांचीवरून पडलेला, कोणाला गाडीने उडवलेलं. सगळे विचारतात, एवढे टक्के घेतात ते रास्त आहे का?

मी सांगते, वॉर्डात ज्यूस घेऊन येणाऱ्याच्या कागदावर काही उमटवू नका. वकील करा. टक्के खर्चाआधीचे की नंतरचे, हरलो तर खर्च कोणाचा, मधेच वकील बदलला तर काय, हे लिहून घ्या. घासाघीस पहिल्या दिवशी करा, निकालानंतर नाही. रास्त की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. वकील नसता तर मला काहीच मिळालं नसतं. आणि ज्याची कमाई तुमच्या बरं न होण्यावर अवलंबून आहे, त्याला घरात घेतलं की तो विचार घरातल्या बाकीच्यांनाही लागतो. परकारांनी तो आणला, असं मी म्हणत नाही. आमच्या घरात त्याला बसायला जागा होती.

आणखी एक सांगते. हात हलला तर हलवा. कोणीही काहीही सांगो.

*

चेक माझ्या नावाचा होता. नितीन मला बँकेत घेऊन गेला, तो आमच्या दोघांच्या खात्यात भरायला. काउंटरवर एक बहारिनी मुलगी होती. मी तिला म्हणाले, "नवीन खातं उघडायचंय."

"जॉइंट?" तिने नितीनकडे बघून विचारलं.

"नाही. एकटीचं."

नितीन मराठीत म्हणाला, "इथे तमाशा नको, मधुरा."

मुलीला शब्द कळले नाहीत, सूर कळला असावा. तिने फॉर्म त्याच्यासमोरून उचलून माझ्यासमोर ठेवला. तीन जागी सही करायची होती. अंगठा चालेल, ती म्हणाली. मी नको म्हटलं. डाव्या हाताने केलेल्या तिन्ही सह्या तीन बायकांच्या वाटत होत्या. कागद गुळगुळीत काचेवर सरकत होता.

"या जुळायला हव्यात, मॅडम," ती म्हणाली आणि कोरा फॉर्म दिला.

नितीनने कागद धरायला हात पुढे केला. वर्षभर तोच धरत होता. माझी बोटं आजही हलत नाहीत आणि बहुतेक हलणारही नाहीत. पण कोपर आता अर्ध्यापर्यंत वाकतं. मी उजवा हात खांद्यातून काउंटरवर टाकला, कोपरातून वाकवून आत ओढला आणि त्याच्या वजनाने कागद दाबून धरला. जळत होतं. मुलगी वाट बघत होती. मी सावकाश तीन सह्या केल्या.

कागद हलला नाही.